चिशाच्या आईचं पाळणाघर

३ जानेवारी, सोमवार

कलाबा काल आला आणि निकाल देऊन गेला. माझा धाकटा भाऊ. लहानपणी मी ह्याला पाठीवर बांधून फिरवला, आणि आता हा मला सांगतो की बाईमाणसाने एवढ्या घरात एकटं राहणं बरं दिसत नाही. न्दोलाबाहेर त्याने पाचशे कोंबड्या पाळल्यात. त्यांच्यासाठी घरचं माणूस हवं. "ताई, कोंबड्यांकडे तुझ्याइतकं कोण लक्ष देणार?" असं म्हणाला. म्हणजे मान दिल्यासारखं करून मला खुराड्यात नेऊन बसवायचं.

मी सांगितलं की मी घरी पाळणाघर काढतेय. तो बराच वेळ जमिनीकडे बघत बसला. मग म्हणाला, "एकतीस तारखेपर्यंत सहा मुलं मिळव. मिळाली तर मी हा विषय परत काढणार नाही. नाही मिळाली तर गाडी घेऊन येतो, गाशा गुंडाळ आणि चल. घराला भाडेकरू मी बघतो." मी त्याच्या हातावर हात मारला. एकोणीस वर्षं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलींची मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा घोटली. वसतिगृह बंद झालं, माझे हात बंद नाही झाले. सहा पोरं मला जड जाणार?

आज पाटी रंगवून फाटकावर लावली. निळ्यावर पांढरं: बाना चिशाचं पाळणाघर. आमच्यात बाईला तिच्या नावाने कोण हाक मारतं? पहिलं मूल झालं की ती त्या मुलाची आई, बाना अमुक, आणि मरेपर्यंत तीच ओळख. मला अख्खं कितवे शहर चिशाची आई म्हणून ओळखतं. चिशा आज असता तर सव्वीस वर्षांचा असता. त्याच्याबद्दल या वहीत लिहायचं नाही असं ठरवलंय. ही वही कामाची आहे.

५ जानेवारी, बुधवार

जाहिरात हाताने लिहिली, तीस झेरॉक्स काढल्या. मिनिबसच्या थांब्यावर, चर्चच्या दारात, दवाखान्याच्या भिंतीवर, सुपरमार्केटच्या खांबावर, सगळीकडे चिकटवून आले. मजकूर असा:

"बाना चिशाचं पाळणाघर. दोन ते पाच वर्षांची मुलं. सकाळी सहा ते संध्याकाळी पाच. शेंगदाण्याचा कूट घातलेली पेज, दुपारी न्शिमा आणि घेवडा. मोठं, मोकळं मागचं अंगण. सहाच जागा. पत्ता कोपऱ्यावरच्या टोमॅटोवाल्या बाना कुंदाला विचारा."

शेवटची ओळ मला फार आवडली. आमच्या गल्लीला ना नाव ना नंबर, पण बाना कुंदाचा ठेला आंधळ्यालाही सापडेल. पंचवीस वर्षांची शेजारीण आहे. ती माणसं पाठवेल.

खाली बदक काढलं होतं. ते गिधाडासारखं दिसतंय असं नंतर लक्षात आलं. असू दे.

८ जानेवारी, शनिवार

आज खिडकीत बसून मोजलं. चार बाया हातात माझा कागद घेऊन ठेल्यापाशी आल्या. बाना कुंदाने फाटकाकडे बोट दाखवलं. त्यांनी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि चौघी आल्या वाटेने परत गेल्या. एक तर फाटकापर्यंत आली होती, पोर कडेवर. तिने पाटी वाचली, पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि चालू लागली. मी दार उघडेस्तोवर बाई कोपऱ्यापलीकडे.

हे त्या बदकाचंच काम असणार. नाहीतर वेळेचं. सहा वाजता कोण मूल आणून सोडतं? पण नर्स आणि दुकानातल्या बायांना सहाच वाजता निघावं लागतं, मी चौकशी केली होती. मग पेज नको असेल. हल्लीच्या आयांना पाव लागतो. उद्या नवीन कागद लिहिते, पाव लिहिते, बदक काढून टाकते.

बाना कुंदाला विचारलं, "काय म्हणत होत्या गं?" ती टोमॅटो पुसत म्हणाली, "काही नाही, असंच." तोंडाचा पट्टा बंद न होणारी बाई आणि आज "असंच".

९ जानेवारी, रविवार

प्रार्थनेनंतर फादरनी सूचना वाचल्या. गायनमंडळाची बैठक, छपराची दुरुस्ती, आणि मग, "आपल्या बाना चिशा लहान मुलांसाठी घरी पाळणाघर सुरू करत आहेत." पुढच्या रांगेतल्या चारपाच म्हाताऱ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बाहेर पडताना एकीने माझा हात दाबला आणि म्हणाली, "देव बळ देवो."

मी चिडले. मी पाळणाघर काढतेय, कुणाच्या मयताला नाही निघाले. सहा पोरं सांभाळायला बळ लागतं खरं, पण एवढा सुतकी चेहरा कशाला?

पाव लिहिलेले नवीन कागद लावले. एकही बाई आली नाही.

१२ जानेवारी, बुधवार

कलाबा आणि त्याची बायको एक्सिल्डा न्दोलाहून आले होते. खुराड्याला नवीन पत्रे घातलेत, त्याचे फोटो दाखवले. माझी खोली खुराड्याला लागूनच. "ताई, तुम्हाला करमेल तिथे," असं एक्सिल्डा म्हणाली. कोंबड्यांशी गप्पा मारून माणसाला करमतं का?

त्यांचा धाकटा तीन वर्षांचा आहे, गुटगुटीत. मी म्हटलं, सोड गं त्याला खाली, जाऊ दे मागे वाळूत. तिने सोडला नाही. पोर हातपाय झाडून रडलं, शेवटी तिच्या मांडीवरच शी करून मोकळं झालं, तरी बाई उठली नाही. फार लाडावून ठेवलंय पोराला. अशी पोरं पुढे आईला नाचवतात.

जाताना कलाबाने विचारलं, "किती झाली?" मी म्हटलं, "होतील." तो म्हणाला, "ताई, मुलांचा नाद सोड. मी तुझ्या भल्याचं सांगतोय." त्याचा आवाज चिरकला होता. कोंबड्यांच्या पिसांनी घसा खराब झाला असेल.

१४ जानेवारी, शुक्रवार

मिळालं. एक मिळालं.

सकाळपासून पाऊस कोसळत होता, बाना कुंदाचा ठेला बंद. दहाला फाटक वाजलं. दारात नर्सच्या पोशाखातली बाई, नखशिखांत भिजलेली, आणि तिच्या पाठीवर चितेंग्याच्या, रंगीत सुती कापडाच्या झोळीत तीन वर्षांची मुलगी, छत्रीखाली कोरडी ठणठणीत. आईचं नाव मुतिंता, मुलीचं लुयांडो. दक्षिणेकडून बदली होऊन आली, इथे कुणी ओळखीचं नाही. दवाखान्याच्या भिंतीवर कागद पाहिला. "ठेला बंद होता मावशी, मग एकेका फाटकावरच्या पाट्या वाचत आले."

घर दाखवलं. चटया, भांडी, भिंतीवरचं माझं प्रमाणपत्र, चर्चने घेतलेला तीन आठवड्यांचा वर्ग होता त्याचं. मागे अंगणात विहिरीवरचं सिमेंट दाखवलं, लोखंडी झाकण दाखवलं, कुलूप ओढून दाखवलं, गळ्यातली किल्ली दाखवली. ती म्हणाली, "एवढी काळजी कुणी घेत नाही."

सोमवारपासून येणार. एक झालं, पाच उरली, सतरा दिवस. गंमत म्हणजे ठेला उघडा असताना चार बाया परत जातात आणि मुसळधार पावसात, ठेला बंद असताना, एक येते. नशिबाची वेळ यावी लागते, दुसरं काय.

१७ जानेवारी, सोमवार

झालं ते लिहून ठेवते.

दुपारी लुयांडो झोपल्यावर बाना कुंदाचं मीठ परत द्यायला पाठीमागून तिच्या ठेल्यापाशी गेले. समोर एक तरुण बाई माझा कागद घेऊन उभी. तिने विचारलं, "ही बाना चिशा, हिचा मुलगा काय करतो हो?" साधा प्रश्न आहे. आमच्यात नवीन माणसाबद्दल पहिलं तेच विचारतात. बाना कुंदा म्हणाली, "वारला तो. चार वर्षांचा होता. मागच्या विहिरीत पडला." त्या बाईने कागदाची घडी घातली, टोमॅटोसुद्धा न घेता निघून गेली.

मी मिठाची पुडी फळीवर आपटली. "तू सांगतेस? माझ्या गिऱ्हाइकांना तू हे सांगतेस?"

"मग काय खोटं बोलू?" ती म्हणाली. "लेकुरवाळ्या बाया आहेत. विचारतात चिशा कुठे असतो, काय शिकला. मी काय सांगू, लुसाकात बँकेत लागला?"

"पंचवीस वर्षांची शेजारीण म्हणवतेस..."

"शेजारीण आहे म्हणूनच. त्याला बाहेर काढला तेव्हा मी होते तिथे." मग ती हळू बोलायला लागली, आणि ते मला जास्त लागलं. "मी एकटीच सांगतेय असं वाटतंय का तुला? फाटकावर तूच लिहून ठेवलंयस, मोठ्या अक्षरांत. जुन्या लोकांना सांगायलाच लागत नाही. ते पाटी वाचतात आणि त्यांना विहीर आठवते. तुला कुणी तोंडावर बोलत नाही, एवढंच."

फादरची सूचना, म्हाताऱ्यांच्या माना, दाबलेला हात, एक्सिल्डाच्या मांडीवरचं पोर. सगळं एकदम कळलं. मी बदकाला दोष देत बसले होते. पाचशे कोंबड्या त्यांनी माझ्या हवाली केल्या असत्या, पण एक पोर दहा मिनिटं खाली सोडवलं नाही.

१८ जानेवारी, मंगळवार

पहाटे उठून पाटीवरचं नाव रंगाने पुसलं. पाच अक्षरं पुसायला किती वेळ लागावा? मला तासभर लागला. वर लिहिलं: दोरिका मावशीचं पाळणाघर. दोरिका म्हणून मला माझ्या आईनंतर कुणी हाक मारली नाही. वाचताना वाटलं, ही कोण बाई माझ्या घरात राहायला आली.

नवे कागदही त्याच नावाने लावले. ठेल्याची ओळ काढली, फाटकाचा रंग लिहिला. बाना कुंदा स्वतःहून आली. म्हणाली, "कुणी दोरिकाबद्दल विचारलं तर मी म्हणेन न्शिमा फार सुंदर घोटते. ते काही खोटं नाही."

चिशा, पुसलंय फक्त पाटीवरून. हे वाक्य इथे लिहायला नको होतं, पण लिहून झालं.

२२ जानेवारी, शनिवार

पाच मुलं. पाच. सुपरमार्केटात गल्ल्यावर बसणाऱ्या लव्हनेसची जुळी, एका पोलिसाचा मुलगा, शाळामास्तरणीची मुलगी, आणि लुयांडो. सगळे या भागात नवीन. एकीनेही काही विचारलं नाही. दोरिका मावशीला कोण काय विचारणार? नावापुढे मूलच नाही.

सहावी बाई पुढच्या शनिवारी बघायला येणार आहे, जमलं तर सोमवारपासून मूल ठेवते म्हणाली. सोमवार म्हणजे बरोबर एकतीस. कलाबाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू त्यांना विहीर दाखवलीस?" मी म्हटलं, "दाखवली. कुलूप ओढून दाखवते प्रत्येकीला." तो म्हणाला, "मी तसं विचारत नव्हतो," आणि फोन ठेवला.

मुलं असली की मी सारखी मोजते. पेज वाढताना पाच, चटया घालताना पाच, हात धुताना पाच. लव्हनेसची जुळी मला हसतात, मोजायला लागले की माझी नक्कल करतात. हसू देत. पण लुयांडो आज विचारत होती, "मावशी, तू कुणाची आई?" लहान मुलं हे विचारतातच. मी म्हटलं, "पेज गार होतेय, खा."

२६ जानेवारी, बुधवार

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. पण नाही लिहिलं तर मी स्वतःशीच काहीतरी बनवून सांगेन, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

काल अकराच्या सुमाराला मुलं मागे वाळूत होती. मी पायरीवर घेवडा निवडत होते, नजर त्यांच्यावर. मोजली, चार. पुन्हा मोजली, चार. लुयांडो नाही. मी हाक मारली. उत्तर नाही. आत जाऊन बघायचं, पलंगाखाली बघायचं, हे काही सुचलं नाही. मी विहिरीकडे धावले. झाकणाला कुलूप होतं. मी ते पाहिलं. कुलूप लावलेलं आहे हे मला दिसत होतं, तरी गळ्यातली किल्ली काढली, कुलूप काढलं, झाकण उघडलं आणि पालथी पडून आत ओरडत सुटले. काय ओरडत होते ते मला माहीत नव्हतं.

मला कुणीतरी खांद्याला धरून मागे ओढलं. मुतिंता होती, लवकर सुटून मुलीला न्यायला आली होती. तिने आधी झाकण आपटून लावलं. मग मी पाहिलं. चारही पोरं उघड्या विहिरीच्या काठाशी उभी होती, मी काय बघतेय ते बघायला आलेली. पोलिसाच्या मुलाचा पाय काठापासून वीतभर. त्यांना तिथे मी आणलं होतं. विहीर मी उघडली होती.

लुयांडो कोठीच्या खोलीत सापडली. वसतिगृहातलं मोठं पातेलं मी आणून ठेवलंय, त्यात अंगाची जुडी करून झोपली होती.

मुतिंताने तिला उचललं आणि मला विचारलं, "चिशा कोण?" मी सांगितलं. ती मुलीला पाठीवर बांधून गेली.

आज लुयांडो आली नाही. बाकी चार आली. त्यांच्या आयांना काही ठाऊक नाही. दिवसभर मी विहिरीकडे पाठ केली नाही.

२७ जानेवारी, गुरुवार

सकाळी सव्वासहाला मुतिंता फाटकात. लुयांडो तिच्या पाठीवर होती, खाली उतरवली नव्हती.

"किल्ली द्या," ती म्हणाली. मी गळ्यातून काढून दिली. तिने ती स्वतःच्या खिशात टाकली. "पाणी नळाचं येतं ना तुमच्याकडे? मग ही तुम्हाला लागत नाही. माझ्याकडे राहील."

मग पायरीवर बसली. म्हणाली, "मावशी, दवाखान्यात मी कुठल्या नर्सच्या हाती पेशंट सोडून घरी जाते, सांगू? जिच्या हातून एकदा मोठी चूक झालीय आणि जी ती लपवत नाही. कधीच न चुकलेलीची मला भीती वाटते, आणि लपवणारीची त्याहून जास्त." माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या बाकीच्या बायांना माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही."

"त्यांनी मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. पण माझ्याकडून कळलं तर तुमचं काही राहणार नाही."

तिने लुयांडोला खाली उतरवली आणि कामाला गेली. मी तिच्यामागे फाटकापर्यंत जाऊ शकले नाही, कारण लुयांडो तेवढ्यात घरामागे पळाली होती.

२८ जानेवारी, शुक्रवार

बाना कुंदाला सांगितलं की उद्या सगळ्या आयांना बोलावलंय आणि सांगणार आहे. तिने कपाळावर हात मारला. "तीन दिवस गं. फक्त तीन दिवस कळ काढ. उद्या ती सहावी येईल, सोमवारी भाऊ येईल, मोजेल, जाईल. मग मंगळवारी सांग काय सांगायचं ते. हाता-तोंडाशी आलेला घास असा कुणी टाकतं का?"

ती म्हणते ते खरं आहे. कोंबड्यांच्या वासात म्हातारी व्हायचं नाही मला. या घरात माझा नवरा गेला, या घरात माझं मूल झालं. मला इथेच राहायचंय, इथे माझ्या हाताची पेज कुणीतरी खायला हवी आहे. मंगळवारी सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं?

पण मंगळवारी मी आणखी एक कारण शोधेन. मी स्वतःला ओळखते. आणि सोमवारी ती पोरं पुन्हा माझ्या अंगणात सोडून त्या बाया निश्चिंत मनाने कामावर जातील.

२९ जानेवारी, शनिवार

पाटी पहाटेच पुन्हा रंगवली. बाना चिशा. या वेळी दहा मिनिटं लागली.

चौघी आल्या, सहावीही आली. पोलिसाची बायको हसून म्हणाली, "हे काय मावशी, पाटी बदलली? चिशा कोण?" मी सगळ्यांना मागे अंगणात बसवलं आणि उभ्यानेच सांगितलं.

चिशा चार वर्षांचा होता. तेव्हा विहिरीवर फळ्या होत्या. मी धुणं धूत होते, तो शेजारी खेळत होता. फाटकातून माझ्या भावाने हाक मारली. त्याने मक्याच्या पिठाचं पोतं आणलं होतं, त्याला ते एकट्याला उचलवत नव्हतं. मी गेले. पोतं आत घेतलं, दोन शब्द बोलले, आईची तब्येत विचारली. परत आले तर एक फळी सरकलेली होती. एवढंच. मंगळवारी मी काय केलं तेही सांगितलं, त्यांची मुलं उघड्या विहिरीशी उभी होती हे सांगितलं. किल्ली आता कुणाकडे आहे ते सांगितलं. आणि म्हटलं, "तुमच्यापासून लपवायला मी माझ्या मुलाचं नाव पुसलं होतं. ज्याला त्याला आपापल्या मुलाचं बघायचा हक्क आहे."

सहावी उठून गेली. लव्हनेस रडत होती, पण जुळ्यांचे हात तिने एवढे घट्ट धरले होते की धाकटी कुरकुरायला लागली. "विचार करते मावशी," म्हणाली. मास्तरणीने मंगळवारचं दोनदा विचारलं, किती वाजता, किती वेळ उघडी होती. मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मुतिंता शेवटी गेली. सोमवारी येणार का, ते मी विचारलं नाही.

३१ जानेवारी, सोमवार

पाचला उठले. पेज शिजवली. सवयीने पाच वाट्या मांडल्या.

सहा वाजले, कुणी नाही. सव्वासहाला फाटक वाजलं. पोलिसाची बायको. एकटी. तिच्या मुलाची चटई आणि कप न्यायला आली होती. चटईची गुंडाळी मी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "राग मानू नका, माझ्या नवऱ्याने ऐकलं नाही." मी म्हटलं, "राग कसला." राग नव्हताच. मी तिच्या जागी असते तर शनिवारीच चटई नेली असती.

साडेसहाला मुतिंता आली. लुयांडोला पाठीवरून उतरवली, डबा दिला, "पाचला येते," म्हणाली आणि धावत बस पकडायला गेली. रोज म्हणते तसंच म्हणाली.

सात वाजले. साडेसात. लव्हनेस आली नाही, मास्तरीण आली नाही. चार वाट्यांतली पेज परत पातेल्यात ओतली. लुयांडो वाळूत बसून न्शिमा करत होती. मी तिच्यासमोर, पायरीवर.

नऊला गाडीचा भोंगा वाजला. मग कलाबाचा आवाज, "ताई."

मी उठले नाही. लुयांडो माझ्यापासून चार हातांच्या अंतरावर होती.

"ताई, अगं ये, फाटक उघड."

फाटकाला नुसती कडी असते, त्याला माहीत आहे. मी बसून राहिले. तिसऱ्यांदा हाक आली. पण नजर मी हलवली नाही.

शेवटी कडी वाजली. तो घराला वळसा घालून मागे आला आणि कोपऱ्यावरच थांबला. बावीस वर्षं तो पुढच्या दाराने येतो आणि पुढच्या दाराने जातो. मागच्या अंगणात त्याने पाय टाकलेला मी पाहिला नव्हता, आणि हे मला आत्ता, त्याला तिथे उभा बघून कळलं.

"एकच?" तो म्हणाला.

"एकच."

"मग हाकेला ओ का देत नाहीस? तीनदा मारली."

"हिला सोडून मी फाटकाशी येणार नाही, कलाबा. तू कितीही हाका मार."

तो भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला, शर्टाला चुना लागला तरी. तोंड दोन्ही हातांत धरलं. मग म्हणाला, "ते पोतं मी एकट्याने उचलू शकलो असतो. मी तेव्हा तिशीतही नव्हतो. तू यावंस, कौतुक करावंस, म्हणून हाक मारली."

बावीस वर्षं मला वाटत होतं की हा मला दोष देतो. मुलांचा विषय निघाला की मान खाली घालतो, मला या घरातून काढू बघतो, ते माझ्यावरच्या अविश्वासाने. एक्सिल्डाचं तसं असेलही. ह्याचं तसं नव्हतं. या अंगणात पुन्हा लहान मूल खेळतंय हे त्याला बघवत नव्हतं, आणि आपल्या हाकेने झालं हे तोंडातून निघत नव्हतं.

मी म्हटलं, "गेले ते मी माझ्या पायांनी गेले. तुझी हाक होती, पाय माझे होते." याहून जास्त मला बोलता आलं नाही. तो रडला. मी त्याच्याजवळ गेले नाही, कारण तो कोपऱ्यावर होता आणि वाळू तिथून दिसत नाही. मी म्हटलं, "इकडे येऊन बस." तो आला, पायरीवर माझ्याशेजारी बसला.

"शब्द दिला होता तुला सहाचा," मी म्हटलं. "तो मोडतेय. हिची आई पाचला येते. तोवर मी हलत नाही. उद्या ती हिला परत आणेल, तेव्हाही हलणार नाही. कोंबड्यांना दुसरी बाई बघ."

एक्सिल्डाचा दोनदा फोन आला, त्याने उचलला नाही. लुयांडोने त्याच्यापुढे मातीची न्शिमा आणून ठेवली आणि हात धुवायला सांगितलं. त्याने धुतले. दुपारी खरी न्शिमा जेवला, कापेंताच्या सुक्या बारीक मासळीबरोबर, दोनदा मागून घेतली. मी भांडी घासायला उठले तेव्हा म्हणाला, "जा, मी बघतोय," आणि मी दारातून पाहिलं तर खरंच डोळ्याची पापणी न हलवता बघत होता.

पाच वाजता मुतिंता आली. लुयांडोला तिच्या हातात दिलं. तिने मुलीला पाठीवर घेतलं, चितेंग्याची गाठ मारली, "उद्या साडेसहाला," म्हणाली आणि गेली.

मग कलाबाला सोडायला फाटकापर्यंत गेले. गाडी रिकामी गेली.